हॅम्बुर्गचं विल्हेल्म्सबुर्ग बेट : मुलीला तिथं खोली मिळतेय, पूर येतो का तिकडं?

शुक्रवारपेठ_आई

नमस्कार सगळ्यांना. मुलीला जर्मनीत हॅम्बुर्गच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत मास्टर्सला ॲडमिशन मिळालंय, ऑक्टोबरला जायचंय. कॉलेज हारबुर्ग म्हणून भाग आहे तिथं. हॉस्टेलला नंबर लागला नाही, वेटिंग लई मोठं आहे म्हणे, म्हणून ती आणि पुण्याची एक मुलगी मिळून शेअरिंगमध्ये खोली बघत होत्या, तर आता एक मिळतेय ती विल्हेल्म्सबुर्ग नावाच्या भागात. भाडं परवडतंय, कॉलेजला जायला ट्रेननं दोनच स्टेशनं. मी मॅप उघडून बघितलं तर चारी बाजूंनी नदी! सरळ बेटच आहे ते. आणि खोली तळमजल्यावर.

मी एवढी का घाबरते ते सांगते. आमचं घर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, पंचगंगेकडं उतारावर. २०१९ ला पाणी घरात आलं आणि २०२१ ला परत. २०१९ ला मुलीनंच दारातल्या पायरीवर खडूनं रेघ मारली होती पाणी कुठवर येतंय बघायला, चहा घेऊन परत बघितलं तर रेघ पाण्याखाली. गव्हाचं पिंप, देव, तिचं दहावीचं सर्टिफिकेट सगळं माळ्यावर चढवलं आणि आम्ही दिरांकडं राजारामपुरीत गेलो. आलो तेव्हा भिंतीला छातीएवढ्या उंचीवर गाळाची पट्टी. दोनदा रंग मारला तरी पावसाळ्यात ओल धरली की ती पट्टी परत उमटते. एवढं सोसून परत पोरीला पाण्यातल्या बेटावर पाठवायचं म्हणजे जीव होत नाही.

तिथं कुणी राहिलंय का? पूर येतो का? वस्ती कशी आहे, आणि बाकी गावापेक्षा तिथं भाडं कमी का?

रंकाळा_वारा

ताई मी आत्ता बघितलं, १९६२ ला तिथं महापूर येऊन शेकड्यानं माणसं गेलीत. मी असतो तर सरळ नाही म्हटलं असतं. पोरगी महत्त्वाची, भाड्याचं बघता येतं नंतर.

एल्बेकाठचा_उत्तरेश्वरकर

काकू, मी उत्तरेश्वर पेठेतला, विल्हेल्म्सबुर्गमध्ये चार वर्षं काढलीत, आता हॅम्बुर्गातच दुसरीकडं राहतो. रंकाळा_वारा भाऊ म्हणतात ते खोटं नाही पण अर्धंच आहे, आणि अर्ध्या माहितीवर चांगली जागा हातची जाऊ नये म्हणून जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

आधी जागा समजून घ्या. आपल्याकडं प्रयाग चिखलीला नद्या एकत्र येऊन पंचगंगा होते ना, तिथं बरोबर उलटं आहे. एल्बे नदी हॅम्बुर्गच्या वरच्या अंगाला बुंटहाउस म्हणून टोक आहे तिथं फुटते, एक फाटा उत्तरेला नॉर्डरएल्बे, एक दक्षिणेला स्युडरएल्बे, आणि पुढं बंदराच्या पलीकडं परत एक होतात. मधे जे राहिलं ते हे बेट. त्या टोकावर एक छोटंसं लाकडी दीपगृह आहे, रविवारी सायकलवर जाऊन तिथं बसायचो, डावीकडं एक नदी उजवीकडं एक नदी, आणि कोल्हापूरची आठवण आल्याशिवाय राहायची नाही. नुसत्या विल्हेल्म्सबुर्ग भागाचं क्षेत्रफळच ३५ चौरस किलोमीटर आहे आणि वस्ती ५० हजारांच्या वर, तेव्हा बेट म्हटल्यावर पाण्यातलं ढेकूळ डोळ्यासमोर आणू नका. आत शाळा, बाजार, गाईंचे गोठे सगळं आहे.

मुळात हे एक बेट नव्हतंच. लहान लहान बेटं होती दलदलीची. १६७२ मध्ये गेओर्ग विल्हेल्म नावाच्या ड्यूकनं ती विकत घेतली आणि बांध घालून एकत्र जोडली, त्याच्यावरूनच हे नाव. पुढं दोनशे वर्षं तिथं शेतकरी आणि दूधवाले. इथलं दूध होडीतनं पलीकडं हॅम्बुर्ग शहरात जायचं. आपल्या गंगावेशीत कट्ट्यावर म्हशी आणून समोर धार काढून देतात, तसं त्या शहराचं दूध या बेटावरनं यायचं असं समजा.

मग बंदर वाढलं. १८८८ ला हॅम्बुर्गचं फ्री पोर्ट, म्हणजे जकात न भरता माल उतरवायचं बंदर, झालं, त्याच्या गोदामांसाठी जुन्या शहरातल्या २० हजारांच्या आसपास माणसांची घरं पाडली, आणि गोद्या, कारखाने नदी ओलांडून दक्षिणेला सरकले. कामगार आले, त्यात पोलंडकडचे पुष्कळ, लोकरीच्या कारखान्यात बायका कामाला. त्यांच्यासाठी बेटाच्या पश्चिम कडेला, रायहरश्टीगच्या बाजूला, चार-चार पाच-पाच मजली विटांच्या चाळीवजा इमारती उठल्या. मी राहिलो ती त्यातलीच. लाकडी जिना, उंच छत, आणि खिडकीतनं कालवा. गंमत म्हणजे तेव्हा हा भाग हॅम्बुर्गचा नव्हताच, प्रशिया नावाच्या शेजारच्या राज्याचा होता. १९२७ ला हारबुर्गशी जोडून एक शहर केलं आणि १९३७ ला कायदा करून दोन्ही हॅम्बुर्गात घेतली.

आता १९६२. याची मुळं युद्धात आहेत. १९४३ च्या जुलैमध्ये बॉम्बहल्ल्यात हॅम्बुर्गच्या वस्त्याच्या वस्त्या जळाल्या, लाखो लोक बेघर. मग ज्यांना जागा मिळेना ते बेटावरच्या भाजीच्या बागांमध्ये झोपड्यावजा घरं बांधून राहिले. तात्पुरती म्हणून बांधलेली. तात्पुरतं म्हणजे किती काळ तर जवळजवळ वीस वर्षं! एकमजली, हलकी, सगळ्यात खोलगट जागेत, बांधाला चिकटून. १६ फेब्रुवारीच्या रात्री वादळ आलं, वायव्येचा वारा, उत्तर समुद्राचं पाणी नदीच्या तोंडातनं आत ढकललं गेलं आणि मध्यरात्रीनंतर बांध फुटले, एक नाही, साठएक ठिकाणी. माणसं झोपेत होती. लाइट गेली, फोन गेले, थंडी गोठवणारी, रात्रीच्या कपड्यात छपरावर चढून बसलेले लोक. हॅम्बुर्गात ३१५ माणसं गेली त्यातली २०० च्या वर या एका बेटावरची. आणि गेले ते जास्त करून त्याच बागांतल्या घरांतले. त्याच बेटावर विटांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर असलेला माणूस सकाळी खिडकीतनं बघत होता. हे मला तिथल्या एका म्हाताऱ्या शेजारणीनं सांगितलं, ती तेव्हा शाळेत होती, बोलताना तिचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट धरलेला असायचा.

म्हणून काकू, बेट कुठलं यापेक्षा घर कसलं आणि कितव्या मजल्यावर हे विचारा. तळमजला असेल तर मी पण नको म्हणेन. वरचा मजला मिळत असेल तर बिनघोर घ्या.

पाटबंधारे_निवृत्त

वरचा प्रतिसाद चांगला आहे. मी पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं काढली, पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी दर तासाला घेणं हेच काम, म्हणून दोन गोष्टी विचारतो. पहिली, १९६२ ला पातळी किती होती आणि आता बांध किती उंच आहे? दुसरी, पाणी चढायला किती वेळ लागतो?

ताई, आपल्या पंचगंगेचं तुम्हाला माहीत आहे, ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, २०१९ ला ५५ फुटांच्या वर गेलं. पण आपलं पाणी चढतं ते दिवस-दोन दिवस घेऊन. घाटावर पाऊस, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले, खाली कृष्णेची फुग, हे सगळं आदल्या दिवशी कळतं. त्यामुळं माणूस बाहेर पडू शकतो, घर मात्र आठ-आठ दिवस पाण्यात राहतं. तिथं समुद्राचं उधाण असेल तर काही तासांत चढेल आणि काही तासांत उतरेलही. दोन्ही पूर वेगळे. एकाची भीती दुसऱ्याला लावून चालत नाही. आणि बांध आहे म्हणून निर्धास्त राहणं हे पण चालत नाही, बांध असतो तिथं माणसं नदी विसरतात, हे मी शिरोळ भागात डोळ्यांनी बघितलंय.

एल्बेकाठचा_उत्तरेश्वरकर

काका बरोबर पकडलंत. १९६२ ला हॅम्बुर्गला पाणी समुद्रसपाटीपासून ५.७० मीटरवर गेलं होतं. त्यानंतर बांध ७.२० मीटरपर्यंत चढवले, पुढं अजून वाढवले, आता बऱ्याच ठिकाणी आठ मीटरच्या वर आहेत. आणि त्याची परीक्षा पण झाली, ३ जानेवारी १९७६ ला ६.४५ मीटर पाणी आलं, म्हणजे १९६२ पेक्षा पाऊण मीटर जास्त, आणि मुख्य बांध टिकले. आजवरची सगळ्यात मोठी पातळी तीच.

वेळेचं तुम्ही म्हणता तसंच, तासांचा खेळ. समुद्र तिथनं १०० किलोमीटर लांब आहे तरी रोज दोनदा भरती-ओहोटी येते, साडेतीन मीटरच्या आसपास फरक. मला पहिल्या आठवड्यात काही कळेना, सकाळी पुलावरनं बघितलं तर होड्या खाली चिखलात टेकलेल्या, संध्याकाळी त्याच होड्या रस्त्याच्या बरोबरीनं! बेटाच्या आतली बरीचशी जमीन एक-दोन मीटर उंचीची आणि रोजची भरती दोन मीटरच्या थोडी वर. म्हणजे साध्या दिवशी सुद्धा बांधावर उभं राहिलं की एका हाताला नदी वर आणि दुसऱ्या हाताला घरं खाली असं दिसतं. आत पडलेलं पावसाचं पाणी आपोआप बाहेर जातच नाही, त्यासाठी चर आहेत, वेटर्न म्हणतात त्यांना, त्यातनं गोळा करून ओहोटीला दरवाजे उघडून नाहीतर पंपानं बाहेर टाकतात.

पण यंत्रणा जागी आहे. पूरप्रवण भागातल्या घरांना शहराकडनं माहितीपत्रक मिळतं, कुठल्या स्टॉपवरनं बस नेणार, बरोबर काय घ्यायचं, वेगवेगळ्या भाषांत. वादळाचा अंदाज आधी येतो, सायरन आहेत. मी चार वर्षांत तीन-चारदा इशारे ऐकले, मासळी बाजाराकडच्या रस्त्यावर पाणी आलं, तो भाग बांधाच्या बाहेर आहे, आमच्या बेटावर आत थेंब नाही आला.

ताराराणी_आर्किटेक्ट

ताईंचा तिसरा प्रश्न राहिलाच, भाडं कमी का. मी कोल्हापुरातच प्रॅक्टिस करते, कॉलेजात असताना या बेटावर प्रोजेक्ट केला होता आणि नंतर २०१३ ला प्रत्यक्ष जाऊन आले, त्यामुळं हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

पुरानंतर काय झालं तर शहराचं मनच त्या भागावरनं उडालं. पश्चिमेकडचा भाग वस्तीला ठेवायचा का बंदराला देऊन टाकायचा यावर वर्षानुवर्षं ठरेना. आता ज्या जागेचं भवितव्यच ठरलेलं नाही तिथं घरमालक पैसे कशाला घालेल? गळती तशीच, खिडक्या तशाच. ज्यांना जमलं ते निघून गेले आणि रिकाम्या स्वस्त खोल्यांत बाहेरनं कामाला बोलावलेले लोक आले. जर्मनीनं १९६१ ला तुर्कस्तानशी कामगारांचा करार केला होता, त्यातले पुष्कळ इथं बंदरात आणि कारखान्यांत लागले. मग ७० च्या दशकात बेटाच्या दक्षिणेला किर्शडॉर्फ-स्युड म्हणून दहा मजल्यांवर जाणाऱ्या इमारतींची मोठी वसाहत बांधली, स्वस्त घरांसाठी, हायवेच्या कडेला. आणि उत्तरेला गेओर्ग्सवेर्डरचा कचऱ्याचा डोंगर, युद्धातला राडारोडा आणि नंतर कारखान्यांचा विषारी कचरा, १९८३ ला त्यातनं पाझरणाऱ्या तेलात डायॉक्सिन नावाचं जहाल विष सापडलं. पूर, कचरा, हायवे, बंदराची कुंपणं, सगळं एकाच बेटाच्या वाट्याला. एखाद्या भागाला एकदा खालचा म्हटलं की गावाला नको असलेलं सगळं तिथंच जाऊन पडतं. आपल्याकडं जयंती नाल्याच्या कडेच्या वस्त्या बघा, आधी पाणी तिथंच शिरतं, कचरा तिथंच तुंबतो आणि मग म्हणायचं तो एरियाच तसला.

त्या भागातल्या लोकांनी मात्र सोडलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सभा घेतल्या, मागण्या लिहून काढल्या, शहराला लक्ष घालायला लावलं. २००६ ते २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय बांधकाम प्रदर्शन तिथं भरलं. प्रदर्शन म्हणजे मांडव घालून नव्हे, आख्खं बेटच दुरुस्त करायला घेतलं. १९३० च्या दशकातली गोदी कामगारांची वसाहत होती, ३० च्या वर देशांची माणसं तिथं राहतात, तिचं वेल्टक्वार्टियर, म्हणजे जगाची वस्ती, केलं. तिथली रीत मला आवडली, आधी दुभाषे घेऊन घरोघरी जाऊन विचारलं तुम्हाला काय पाहिजे. लोकांनी सांगितलं बाल्कनी पाहिजे, भाजी लावायला जागा पाहिजे, थंडी आत येऊ नये. तेच केलं, भिंतींना बाहेरनं जाड थर, नवीन खिडक्या. मी एका घरात गेले होते, तुर्की आजी, बाल्कनीत पुदिना आणि मिरच्या, मला खुर्ची दिली आणि चहाचा छोटा ग्लास पुढं केला. भाषा दोघींना येईना, पण ती बाल्कनीच्या कठड्यावर हात फिरवून दाखवत होती, हे नवीन, हे माझं.

आणि एक युद्धातला विमानविरोधी तोफांचा बुरूज आहे, १९४३ चा, ४२ मीटर उंच, नुसतं काँक्रीट. इंग्रजांनी १९४७ ला आतनं उडवला होता, बाहेरचं कवच उभं राहिलं. त्यात आता २० लाख लिटर गरम पाण्याची टाकी बसवलीय आणि आजूबाजूच्या घरांना उष्णता तिथनं जाते. वरती कॅफे आहे, तिथनं अख्खं बेट दिसतं. मुलीला सांगा पहिल्याच रविवारी तिथं जा, कुठं राहतो ते एका नजरेत कळतं. तो कचऱ्याचा डोंगर पण झाकून घेतलाय, वर पवनचक्क्या आणि सोलर आहेत. बेट मधोमध कापणारा जो मोठा रस्ता होता तो २०१९ ला रेल्वेच्या कडेला सरकवला.

म्हणून आता भाडं कमी म्हणायचं ते शहराच्या मध्यभागाच्या मानानं, पूर्वीइतकं नाही. विद्यार्थी यायला लागले, कॅफे उघडले, आणि ज्यांनी पडत्या काळात तो भाग धरून ठेवला त्यांनाच भाडं जड व्हायला लागलं. ही खंत तिथं असताना घराघरांत ऐकली. आपल्याकडं पुरात बुडणाऱ्या चिखली-आंबेवाडीच्या लोकांना उंचावर सोनतळीला प्लॉट दिले तरी कितीतरी घरं जुन्या गावात का राहिली हे मला तिथं फिरताना उमगलं. शेत, गोठा, शेजार सोडून उंचावरचं घर म्हणजे नुसत्या भिंती. माणसाला सुरक्षित घर पाहिजे आणि ते त्याच्याच माणसांत पाहिजे, दोन्ही एकदम.

रंकाळा_वारा

मी घाईत लिहिलं, माझं चुकलं. काका आणि मॅडमनी छान समजावलं. एक विचारतो, डिपॉझिट वगैरे तिकडं किती मागतात? माझ्या भाच्याकडनं एका एजंटनं खोली न दाखवताच पैसे घेतले होते दुसऱ्या शहरात, ते गेलेच.

एल्बेकाठचा_उत्तरेश्वरकर

हे महत्त्वाचं विचारलंत. कायद्यानं डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं, ते पण मूळ भाड्यावर, हीटिंग-पाणी धरून नाही, आणि तीन हप्त्यांत देता येतं. मूळ भाड्याला काल्टमीटे म्हणतात आणि सगळं धरून वार्ममीटे, जाहिरातीत कुठला आकडा लिहिलाय ते बघून घ्या नाहीतर पहिल्या महिन्यालाच हिशोब चुकतो. आणि खोली बघितल्याशिवाय, करार हातात आल्याशिवाय एक पैसा पाठवायचा नाही, कितीही गोड बोलला तरी. काकू, मुलीला म्हणावं घराचा पत्ता मला मेसेज कर, शनिवारी मी स्वतः जाऊन बघून येतो, व्हिडिओ काढून पाठवतो. पेठेतलंच लेकरू आहे.

शुक्रवारपेठ_आई

तुमचे सगळ्यांचे उपकार कसे मानू. दोन दिवस झोप नव्हती, आज मुलीला शेजारी बसवून सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली आई, खडूची रेघ मी मारली होती, मलाच आधी कळेल की पाणी कुठं चाललंय.

तळमजल्याची खोली आम्ही सोडली. त्याच रस्त्याला तिसऱ्या मजल्यावर एक आहे, थोडी लहान आहे आणि स्वयंपाकघर चौघींत मिळून, पण चालेल म्हणाली. उत्तरेश्वरकर दादा, तुम्हाला पत्ता मेसेज केलाय, वेळ होईल तेव्हा जाऊन या, घाई नाही. जाल तेव्हा जिना केवढा आहे आणि खिडकीतनं बांध कुठल्या बाजूला दिसतो तेवढं बघा. पाटबंधारे काका, तुम्ही लिहिलेलं यांना पण वाचून दाखवलं, हे म्हणाले पहिल्यांदा कुणीतरी आपला पूर आणि तिकडचा पूर वेगळा करून सांगितला.

एक शेवटचं, तिकडं आपला मिक्सर चालतो का? चटणी मी करून देणारच आहे, पण इडलीचं पीठ वाटायला लागेल म्हणते.

एल्बेकाठचा_उत्तरेश्वरकर

चालतो काकू, व्होल्टेज आपल्याएवढंच २३०, फक्त पिन वेगळी. आपला जाड तीन पिनांचा प्लग तिकडच्या सॉकेटात बसत नाही, कोल्हापुरातनंच एक चांगला ॲडॉप्टर घेऊन द्या, मिक्सरचा लोड सोसणारा. रात्री दहानंतर वाटण करू नको म्हणावं, जुन्या इमारतीत लाकडी फरशी आहे, खालच्यांना सगळं ऐकू जातं. शनिवारी सकाळी जातो, ओहोटी कधी आहे बघून, म्हणजे बांधावरनं दोन्ही पातळ्यांचा फोटो काकांना पण पाठवता येईल.